उच्चक्षमता इंजिनाच्या बांधणीत पिस्टन-रिंगांची निवड : तत्त्वे, निकष आणि सोलापूर परिसराचा संदर्भ

सारांश :
अंतर्ज्वलन इंजिनातील पिस्टन-रिंग हा आकाराने लहान व किमतीने स्वस्त भाग असला, तरी इंजिनाची शक्ती, तेलाचा खप आणि आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते. अधिक वेगाने व अधिक दाबाने चालणाऱ्या इंजिनासाठी रिंगा निवडताना धातू, लेप, जाडी, तोंडांमधील फट, तेल-रिंगेचा ताण आणि सिलिंडरच्या भिंतीची घडण या बाबींचा एकत्रित विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात या निकषांमागील भौतिक कारणे सोप्या आकडेमोडीने स्पष्ट केली असून, सोलापूर परिसरातील हवामान, धूळ आणि इथेनॉलमिश्रित इंधन यांचा या निवडीवर होणारा परिणाम विचारात घेतला आहे.

बीजसंज्ञा : पिस्टन-रिंग, सिलिंडर, तोंडाची फट, रिंगेची थरथर, होनिंग, वंगण.

१. प्रस्तावना

सोलापूरला 'रिंग' हा शब्द प्रथम गिरणीने शिकविला. रिंग फ्रेमवर सूत कातताना वर्तुळाकार रिंगेच्या कडेवरून एक छोटासा ट्रॅव्हलर अतिवेगाने फिरत असतो. या जोडीत वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की झीज वाढते, आणि नवी रिंग बसविल्यावर काही काळ यंत्र कमी वेगाने चालवून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना 'रुळवून' घ्यावे लागतात. गिरणी-कामगारांच्या पिढ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. इंजिनातील पिस्टन-रिंगेचे शास्त्रही मुळात याच तीन वाक्यांत सामावलेले आहे. फरक इतकाच, की येथे त्यात जळत्या वायूच्या दाबाची भर पडते.

आज सोलापूरची ओळख केवळ चादरी व टॉवेल यांपुरती मर्यादित राहिलेली नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी येथून देशविदेशातील मोटार-उद्योगाला कॅमशाफ्ट पुरविते. किर्लोस्कर फेरस इंडस्ट्रीजच्या सोलापुरातील ओतशाळेत इंजिनांचे सिलिंडर ब्लॉक व हेड ओतले जातात. शेजारच्या कोल्हापुरात शिरोली औद्योगिक वसाहतीत पिस्टननिर्मितीचा उद्योग रुजलेला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी फॉर्म्युला पद्धतीच्या स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात. अशा परिसरात 'इंजिन बांधणे' हा विषय केवळ यंत्र अभियांत्रिकी विभागापुरता मर्यादित समजता येत नाही. धातुशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा यांचा तेथे प्रत्यक्ष संबंध येतो.

या विषयाकडे लक्ष वेधण्याचे आणखी एक कारण आहे. विद्यार्थ्यांनी वर्षभर खपून बांधलेले इंजिन पहिल्याच कसोटीत निकामी होते, तेव्हा दोष बहुधा पिस्टनच्या दर्जावर किंवा नशिबावर ढकलला जातो. प्रत्यक्षात अशा अनेक घटनांचे मूळ शतांश मिलिमीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या एका फटीत असू शकते. ती फट किती असावी हे अंदाजाने ठरविले की मापाने, यावर वर्षभराचे श्रम, महाविद्यालयाचा खर्च आणि वेगात असलेल्या चालकाची सुरक्षितता अवलंबून असते.

२. पिस्टन-रिंगेचा उगम आणि कार्य

वाफेच्या इंजिनांच्या सुरुवातीच्या काळात पिस्टन आणि सिलिंडर यांमधील जागा बुजविण्यासाठी अंबाडीवर्गीय तंतूंच्या दोरांची चरबी लावलेली भरणी वापरली जाई. ती लवकर जळे, झिजे आणि वारंवार बदलावी लागे. इंग्लंडमधील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५० च्या दशकाच्या प्रारंभी एका ठिकाणी चिरलेली, स्वतःच्या लवचीकपणाने सिलिंडरच्या भिंतीवर टेकणारी धातूची अरुंद रिंग वापरात आणली आणि १८५४ मध्ये आपला सुधारित पिस्टन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही रिंगेचे मूळ रूप तेच आहे.

प्रचलित चारधावी इंजिनातील पिस्टनवर सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगा व खालची तेल-रिंग. त्यांची कार्ये तीन आहेत. पहिले, जळत्या वायूचा दाब पिस्टनच्या वर रोखून धरणे. दुसरे, पिस्टनच्या माथ्यावरील उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे वाहून नेणे. तिसरे, भिंतीवरील तेलाचा थर नेमका ठेवणे, म्हणजे वंगणाला पुरेल एवढे तेल राहू देणे व उरलेले खरवडून खाली पाठविणे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रिंग ही तिच्या स्प्रिंगसारख्या ताणामुळे वायू रोखते, असे समजले जाते. वस्तुतः रिंगेच्या अंगच्या ताणामुळे भिंतीवर पडणारा दाब अगदी अल्प, एक-दोन बारच्या आसपासचा असतो. उलट, पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा शिखरदाब ६० ते ८० बारपर्यंत आणि टर्बो बसविल्यास १०० बारच्या पुढे जातो. इतका दाब केवळ ताणाने रोखता येणार नाही. ज्वलनाचा वायू खाचेत शिरून रिंगेच्या पाठीमागे जातो व तोच रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. शत्रूच्याच बळाने तटबंदी मजबूत व्हावी, असा हा प्रकार आहे. म्हणून 'जितकी कडक रिंग तितकी चांगली' हा समज अधिक शक्तीच्या इंजिनाच्या बाबतीत चुकीचा ठरतो. कडक रिंगेमुळे घर्षण मात्र निश्चित वाढते.

३. वेगाचा परिणाम : एक तुलनात्मक उदाहरण

उच्चक्षमता इंजिन सामान्य इंजिनापेक्षा नेमके कोठे वेगळे पडते, हे महाराष्ट्रातच तयार होणाऱ्या दोन इंजिनांच्या तुलनेने स्पष्ट होईल. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे 'एव्ही-१' हे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन शेतीपंपांपासून महाविद्यालयीन प्रयोगशाळांपर्यंत सर्वत्र परिचित आहे. त्याचा बोअर ८० मि.मी., धाव ११० मि.मी. आणि वेग मिनिटाला १५०० फेरे आहे. दुसरे इंजिन चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० या मोटारसायकलचे. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांत ते अनेकदा वापरले जाते. २०१३ मध्ये भारतात आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचा बोअर ८९ मि.मी., धाव ६० मि.मी., घनफळ ३७३.२ घन सें.मी. असून कमाल शक्ती ९५०० फेऱ्यांना मिळे.

पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे धावेची दुप्पट गुणिले सेकंदाचे फेरे. या हिशेबाने शेतीपंपाच्या इंजिनात तो सेकंदाला ५.५ मीटर, तर मोटारसायकलच्या इंजिनात १९ मीटर येतो. म्हणजे वेग साडेतीन पट. परंतु रिंगेच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो वरच्या टोकाशी पिस्टन थांबून परत फिरतानाचा त्वरण-भार, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कनेक्टिंग रॉडची लांबी क्रँक-त्रिज्येच्या साडेतीन पट धरल्यास हे त्वरण पहिल्या इंजिनात गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १८० पट, तर दुसऱ्यात सुमारे ३९०० पट येते.

या आकड्याचा अर्थ वजनात पाहू. १.२ मि.मी. जाडीची व ३ मि.मी. रुंदीची, ८९ मि.मी. बोअरची पोलादी रिंग साधारण साडेसात ग्रॅम भरते. शेतीपंपाच्या वेगाने तिचे क्षणिक 'वजन' सुमारे दीड किलो होते. ९५०० फेऱ्यांना ते जवळजवळ ३० किलो होते. धावेच्या वरच्या टोकाजवळ पिस्टन मंदावत असताना हा भार रिंगेला खाचेच्या तळावरून वर उचलू पाहतो. वायूचा दाब तिला खाली दाबून ठेवण्यास अपुरा पडला, तर रिंग तळ सोडते, तिच्या पाठीमागील दाब निघून जातो, ती भिंतीपासून सुटते आणि वायू खाली क्रँककेसमध्ये घुसतो. यालाच रिंगेची थरथर म्हणतात. अशा वेळी इंजिनाचे फेरे वाढतात; पण शक्ती वाढत नाही, आणि पुढे रिंग व खाच दोन्ही झिजतात.

४. जाडीची निवड

वरील विवेचनातून जाडीचा निकष आपोआप निघतो. वायूचा दाब रिंगेच्या वरच्या पृष्ठावर पडतो व ते क्षेत्रफळ रिंगेच्या रुंदीवर अवलंबून असते. वस्तुमान मात्र रुंदी आणि जाडी या दोहोंवर अवलंबून असते. म्हणून रुंदी तीच ठेवून जाडी कमी केली, तर दाबून ठेवणारे बळ कायम राहते आणि उचलणारा भार घटतो. वरील उदाहरणातील रिंग १.२ ऐवजी ०.८ मि.मी. जाडीची केल्यास ३० किलोंचा भार २० किलोंवर येतो. जुन्या मोटार इंजिनांत वरची रिंग २ मि.मी. जाडीची असे. पुढे ती दीड मिलिमीटर, १.२ आणि १ मि.मी. अशी पातळ होत गेली, याचे हेच कारण. भिंतीशी टेकणारी कड अरुंद झाल्याने घर्षणही कमी होते. इंजिनातील यांत्रिक घर्षणापैकी दोन-पंचमांश ते निम्मा वाटा पिस्टन व रिंगा यांचा असल्यामुळे ही बचत नगण्य नसते.

रुंदीचा विचार वेगळा आहे. सिलिंडर कधीही पूर्णतः वर्तुळाकार नसतो. हेडचे बोल्ट आवळल्यावर आणि इंजिन तापल्यावर तो किंचित वाकडा होतो. रिंगेने या वाकडेपणाशी जुळवून घेतले पाहिजे. रिंगेचा ताठरपणा रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी ४ मि.मी. वरून ३.२ मि.मी. केली, तर ताठरपणा जवळजवळ निम्मा होतो आणि रिंग भिंतीशी अधिक चांगली मिळते.

तथापि, पातळ रिंग सर्वत्र श्रेयस्कर असे नव्हे. तिची झीज सोसण्याची क्षमता कमी असते, ती भिंतीच्या घडणीतील दोष माफ करीत नाही, आणि तिच्यातून उष्णता वाहून जाण्यास जागा कमी मिळते. दररोज उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला किंवा कमी वेगाच्या पंपाला तिचा लाभ नाही. शिवाय रिंगेची जाडी पिस्टनच्या खाचेने आधीच ठरविलेली असते. म्हणून पातळ रिंग हवी असल्यास पिस्टनही तसाच निवडावा लागतो. रुंद खाचेत पातळ रिंग बसविणे हा कोणत्याही परिस्थितीत पर्याय होऊ शकत नाही.

५. धातू आणि लेप

रिंगेसाठी प्रामुख्याने तीन धातू वापरले जातात. साधे बिडाचे लोखंड स्वस्त असते, त्यातील ग्रॅफाइटमुळे ते स्वतःच काही अंशी वंगणाचे काम करते आणि भिंतीशी लवकर रुळते. परंतु ते ठिसूळ आहे. डक्टाइल बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असल्याने ते वाकते, चटकन तुटत नाही. पोलाद या दोहोंपेक्षा बळकट असून अतिपातळ रिंगांसाठी तेच योग्य ठरते. इंधनमिश्रणाच्या आपोआप होणाऱ्या अनियंत्रित ज्वलनाचे ठोके, म्हणजे नॉकिंग, सोसण्याची वेळ येणार असेल, तर वरची रिंग साध्या बिडाची असू नये.

भिंतीशी घासणाऱ्या कडेवर बहुधा लेप असतो. क्रोमचा मुलामा कठीण व गुळगुळीत असतो. धुळीचे कण त्यात रुतत नाहीत, म्हणून धुळीच्या प्रदेशात तो टिकतो. मात्र त्यावर तेल धरून राहत नाही आणि तो भिंतीशी रुळण्यास वेळ लागतो. मॉलिब्डेनमचा वितळबिंदू २६०० अंश सेल्सियसच्या वर असल्याने वंगण क्षणभर तुटले तरी ते सहजासहजी चिकटत नाही. त्याचा फवारून दिलेला लेप सच्छिद्र असल्याने तो तेल धरून ठेवतो. शर्यतीच्या इंजिनांत त्याची लोकप्रियता यामुळेच वाढली. पण तीच सच्छिद्रता धुळीचे कणही धरून ठेवते, आणि तीव्र ठोक्यांखाली लेपाचे तुकडे निघण्याचा धोका असतो. नायट्रोजन मुरवून कठीण केलेले पोलाद आणि निर्वात कक्षात चढविलेला क्रोमियम नायट्राइडचा लेप हे नंतरच्या काळातील पर्याय होत. नायट्राइडिंगमध्ये पृष्ठभागच कठीण होत असल्याने पापुद्रा सुटण्याचा प्रश्न उरत नाही.

लेपाची निवड भिंतीकडे न पाहता करता येत नाही. क्रोम चढविलेल्या सिलिंडरमध्ये क्रोमची रिंग घालू नये, कारण दोन सारखे कठीण पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात. कॅमशाफ्टनिर्मितीतही हेच तत्त्व पाळले जाते. कॅमचा पृष्ठभाग ओतताना झटकन थंड करून कठीण केला, की त्याच्याशी घासणारा भागही त्याला अनुरूप निवडावा लागतो. झीज ही एका धातूची नसते. ती जोडीची असते. केटीएम ३९० च्या ॲल्युमिनियम सिलिंडरवर निकासिल, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला निकेलचा लेप असतो. १९६० च्या दशकात जर्मनीतील माले कंपनीने विकसित केलेला हा लेप अतिशय कठीण आहे. तो एकदा खरचटला, तर नेहमीप्रमाणे बोअर वाढवून मोठा पिस्टन घालण्याचा मार्ग बंद होतो. पुन्हा लेप चढवावा लागतो किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. अशा सिलिंडरसाठी निर्मात्याने सांगितलेल्या रिंगेखेरीज दुसरी निवडू नये.

६. तोंडांमधील फट : निवडीतील निर्णायक बाब

रिंग तापली की लांबते. तिला लांबण्यास जागा मिळावी म्हणून दोन तोंडांमध्ये फट ठेवतात. ती किती असावी याचा हिशेब माध्यमिक शाळेतील औष्णिक प्रसरणाच्या सूत्राने करता येतो. बिडाचे लोखंड दर अंश सेल्सियसला दहा लाखांत सुमारे ११.५ भाग प्रसरण पावते. ८० मि.मी. बोअरचा परीघ सुमारे २५१ मि.मी. असतो. बिडाच्या सिलिंडरमध्ये रिंग भिंतीपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली, तर फट सुमारे ०.२९ मि.मी.ने मिटते.

इंजिन बांधणाऱ्यांत बोअरला एका गुणकाने गुणून वरच्या रिंगेची किमान फट काढण्याची रीत रूढ आहे. पेट्रोल इंजिनांसाठी सामान्यतः वापरले जाणारे गुणक आणि ८० मि.मी. बोअरला येणारी फट पुढीलप्रमाणे :

(अ) नेहमीच्या वापराचे, टर्बो नसलेले इंजिन : ०.००४०, फट ०.३२ मि.मी.
(आ) शर्यतीचे, टर्बो नसलेले इंजिन : ०.००४५ ते ०.००५०, फट ०.३६ ते ०.४० मि.मी.
(इ) टर्बो किंवा सुपरचार्जर असलेले इंजिन : ०.००६०, फट ०.४८ मि.मी.
(ई) अतिदाबाचे किंवा नायट्रस ऑक्साइड वापरणारे इंजिन : ०.००७०, फट ०.५६ मि.मी.

हे गुणक रूढीने आलेले दिसले, तरी त्यांमागे वरील सूत्रच आहे. ०.३२ मि.मी.ची फट पूर्ण मिटण्यासाठी रिंग भिंतीपेक्षा सुमारे १११ अंशांनी अधिक तापावी लागते. ०.४८ ला १६६ अंश आणि ०.५६ ला १९४ अंश लागतात. म्हणजे प्रत्येक गुणक हा 'रिंग किती तापेल' या प्रश्नाचे उत्तर आहे. जुन्या इंजिनावर टर्बो चढविला आणि फट मात्र जुनीच ठेवली, तर बांधणाऱ्याने नकळत असे गृहीत धरलेले असते की अधिक इंधन जाळूनही रिंग अधिक तापणार नाही.

फट मिटून तोंडे एकमेकांना भिडली की रिंगेला लांबण्यास दिशा उरत नाही. ती भिंतीवर प्रचंड बळाने रेटली जाते, तेलाचा थर तुटतो, भिंत ओरबाडली जाते आणि अनेकदा खाचेच्या वरची पिस्टनची कड तुटून बाहेर पडते. याउलट, फट ०.१ मि.मी.ने अधिक राहिली तर काय होते? पिस्टनची कड व भिंत यांतील अंतर ०.२५ मि.मी. धरल्यास गळतीचे क्षेत्रफळ ०.०२५ चौ. मि.मी.ने वाढते. हा पिस्टनच्या माथ्याचा सुमारे दोन लाखावा भाग झाला. म्हणजे एका बाजूच्या चुकीची किंमत किंचित शक्ती, तर दुसऱ्या बाजूच्या चुकीची किंमत संपूर्ण इंजिन. दोन्ही बाजूंच्या चुका समान नसतात, तेव्हा निर्णय मध्यभागी घेणे शहाणपणाचे नसते. तो सुरक्षित बाजूला झुकता घ्यावा लागतो. पिस्टन-रिंगांच्या निवडीतील हा सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

फट मोजण्याची पद्धतही नेमकी असावी. रिंग मोकळ्या हातात धरून नव्हे, तर ज्या सिलिंडरमध्ये ती बसणार त्याच सिलिंडरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेजने फट मोजावी. घासायची झाल्यास कानस लेपाच्या बाजूने आत अशी चालवावी, म्हणजे लेपाचा टवका निघत नाही. ॲल्युमिनियमचा सिलिंडर लोखंडापेक्षा जवळपास दुपटीने प्रसरण पावत असल्याने वरील हिशेब त्याला जसाच्या तसा लागू करू नये. तेथे निर्मात्याचा तक्ता प्रमाण मानावा.

७. दुसरी रिंग आणि तेल-रिंग

दुसऱ्या रिंगेचे मुख्य काम वायू रोखण्याचे नसून तेल खरवडण्याचे आहे. म्हणूनच तिची कड निमुळती किंवा खाली आकड्यासारखी घडविलेली असते. तिची फट वरच्या रिंगेपेक्षा लहान ठेवण्याची जुनी पद्धत होती. आता ती किंचित मोठी ठेवली जाते. कारण वरच्या रिंगेतून निसटलेला वायू दोन रिंगांच्या मध्ये कोंडला, तर तो वरच्या रिंगेला खालून उचलतो. त्याला वाट करून देणे हेच वरच्या रिंगेला स्थिर ठेवणे होय.

तेल-रिंग बहुधा तीन भागांची असते : दोन पातळ पोलादी पट्ट्या आणि त्यांना बाहेर ढकलणारी नालीदार स्प्रिंग. रिंगांपैकी सर्वाधिक ताण, आणि म्हणून मोठे घर्षण, हिचेच असते. शक्ती वाढविण्यासाठी कमी ताणाची तेल-रिंग निवडण्याचा मोह होतो. परंतु सिलिंडर नेमका गोल नसेल, तर अशी रिंग तेल वर जाऊ देते. वर गेलेले तेल जळते, काजळी धरते, इंधनाची ऑक्टेन-क्षमता घटविते आणि ठोक्यांना निमंत्रण देते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनंतर तर तेलाचा खप हा उत्सर्जनाचाही प्रश्न झाला आहे, कारण तेलातील फॉस्फरस एक्झॉस्टमधील उत्प्रेरकाला निकामी करतो.

८. सिलिंडरची भिंत आणि रुळवणी

उत्तम रिंग वाईट भिंतीवर व्यर्थ जाते. बोअर केल्यावर होनिंगने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषांचे जाळे उमटवितात. या रेषांमध्ये तेल साठते. त्यांचा परस्परांमधील कोन साधारण ४५ ते ६० अंश ठेवला जातो. उंचवट्यांची टोके कापून सपाट पठार व त्यांमध्ये खोल दऱ्या अशी भिंत असल्यास पातळ रिंगांना सुरुवातीपासूनच चांगला आधार मिळतो. हेड बसविल्यावर येणारा वाकडेपणा आधीच विचारात घेण्यासाठी होनिंग करताना ब्लॉकवर जाड प्लेट बोल्टने आवळतात. ही सोय प्रत्येक कार्यशाळेत नसते. ती नसेल, तर अतिपातळ व कमी ताणाच्या रिंगांचा आग्रह धरू नये. होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत पुसावा. खाचांत राहिलेली होनिंगची बारीक पूड नव्या रिंगांना पहिल्या तासातच झिजविते.

रुळवणीच्या काळात इंजिन दीर्घकाळ निष्क्रिय वेगाने चालविणे हानिकारक असते. रिंगेला भिंतीवर दाबणारा वायूचा दाब भाराखेरीज मिळत नाही. भार बेताने वाढवीत व कमी करीत इंजिन चालविल्यास रिंगा लवकर बसतात. अन्यथा भिंतीवर तेलाचा चकचकीत थर चढतो आणि पुढे इंजिन कायम तेल खात राहते.

९. सोलापूर परिसराचे विशेष

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ असल्याने शक्ती घटते, थंड करण्याची यंत्रणा ताणली जाते आणि ठोक्यांची शक्यता वाढते. म्हणून फट ठरविताना प्रयोगशाळेतील नव्हे, तर मे महिन्यातील दुपार गृहीत धरावी.

दुसरी बाब धुळीची. कोरड्या हवामानातील धुळीत असलेले सिलिकाचे कण बिडाच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. हवेचे फिल्टर ढिले असल्यास ते थेट वरच्या रिंगेपर्यंत पोहोचतात. त्यामुळे बंदिस्त ट्रॅकवरील इंजिनासाठी मॉलिब्डेनम आणि मातीच्या वाटेने धावणाऱ्या रॅलीच्या किंवा शेतीच्या इंजिनासाठी क्रोम किंवा नायट्राइड, अशी स्थूल विभागणी येथे उपयुक्त ठरते. डिझेल इंजिनात काजळीने रिंग खाचेत अडकू नये म्हणून पाचरीच्या आकाराची रिंग वापरतात, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी बाब इंधनाची. सर्वाधिक साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते, आणि पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले आहे. इथेनॉल ठोक्यांना विरोध करते आणि बाष्पीभवनात अधिक उष्णता शोषून घेते. या दृष्टीने ते उच्चक्षमता इंजिनाला अनुकूल आहे. परंतु त्याची ऊर्जा कमी असल्याने इंधन अधिक फवारावे लागते, आणि थंड इंजिनात न उडालेले इंधन भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते. वारंवार थोडा वेळ चालवून बंद केल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या गाडीत तेल लवकर बदलणे हाच त्यावरील उपाय होय.

चौथी बाब कायद्याची. नोंदणीकृत वाहनात मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. शक्ती वाढविलेल्या इंजिनाची जागा ट्रॅकवर किंवा प्रयोगशाळेत आहे, रस्त्यावर नाही, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगणे अगत्याचे आहे.

१०. निष्कर्ष

१) रिंगांची निवड सुट्या भागाची खरेदी नसून पिस्टन, सिलिंडर, तेल, इंधन आणि वापर यांच्या जोडणीची निवड आहे. प्रथम वापर, नंतर भिंत, नंतर धातू व लेप, नंतर जाडी आणि शेवटी फट हा क्रम पाळावा.
२) वायूचा दाबच रिंगेला भिंतीवर धरतो. म्हणून अधिक ताण म्हणजे अधिक शक्ती हे समीकरण चुकीचे आहे.
३) वेग दुप्पट झाला की रिंगेवरील त्वरण-भार चौपट होतो. अतिवेगाच्या इंजिनात पातळ रिंग आवश्यक ठरते. परंतु ती भिंतीची अचूक घडण मागते.
४) फटीच्या बाबतीत अधिकची चूक क्षम्य व उणेची चूक विनाशक असते. शंका असल्यास फट मोठी ठेवावी.
५) बांधणीपूर्वी प्रत्येक सिलिंडरचा व्यास, गोलाई आणि प्रत्येक रिंगेची फट वहीत नोंदवावी. रुळवणीनंतर कॉम्प्रेशन व गळती यांच्या चाचण्या त्याच वहीत उतरवाव्यात.

शेवटचा मुद्दा साधा वाटला, तरी महाविद्यालयाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. इंजिन बांधणारे विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि अनुभव त्यांच्यासोबत निघून जातो. बोअरच्या कार्यशाळेतील जाणत्या कारागिराच्या बोटांना जे कळते, ते विद्यार्थ्याला मापाने व नोंदीनेच मिळवावे लागते. इंजिन बिघडले तरी नोंद शिल्लक असेल, तर कारण सापडते आणि पुढच्या तुकडीला तेथून सुरुवात करता येते. नोंद नसेल, तर पुढची तुकडीही तीच चूक नव्याने करते.